पित्याचे ऋण : सुभेदार रामजी सकपाळ यांचे स्मरण

(सुभेदार रामजी सकपाळ यांच्या स्मृतिदिनी, २ फेब्रुवारी रोजी, नवदीक्षित कुटुंबांसमोर केलेले भाषण.)



आज २ फेब्रुवारी. १९१३ साली याच दिवशी मुंबई शहरात एका पेन्शनर गृहस्थाचे देहावसान झाले. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, संस्था काढली नाही, सभा गाजविल्या नाहीत. आयुष्यभर नोकरी केली, मुले वाढविली, देणे फेडले आणि डोळे मिटले. अशी माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत होऊन गेली आहेत. या गृहस्थाचे नाव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. परमपूज्य बाबासाहेबांचे ते वडील.

त्यांच्याविषयी बोलण्यापूर्वी मी तुमच्याच घरातील एक अडचण तुमच्यापुढे मांडतो. तुम्ही धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही त्यांतील सहावी प्रतिज्ञा. प्रतिज्ञा घेताना आवाज ठणठणीत असतो. पण दीक्षेनंतरचा पहिला पितृपंधरवडा येतो आणि घरातील म्हातारी माणसे विचारतात, "अरे, बापाने तुझ्यासाठी हाडाची काडे केली, त्याला तू एक घासही ठेवणार नाहीस का?" या प्रश्नाने पुष्कळांचा पाय डळमळतो. काहीजण चोरून पान वाढतात, काहीजण वाढत नाहीत, पण मनात अपराध्यासारखे राहतात. या दोन्ही गोष्टी वाईट आहेत. बौद्ध माणूस आपल्या पित्याला विसरतो असे कोणी म्हटले तर ते खोटे आहे. पण पित्याचे स्मरण कसे करावे, याचे उत्तर आपल्याजवळ तयार असले पाहिजे.

ते उत्तर तथागतांनी दिलेले आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा एक गृहस्थपुत्र पहाटे उठून, ओलेत्याने, हात जोडून सहा दिशांना नमस्कार करीत होता. भगवंतांनी कारण विचारले. तो म्हणाला, वडिलांनी मरताना तसे सांगितले होते, त्यांच्या शब्दाला मान देऊन मी हे करतो. भगवंतांनी त्याच्या वडिलांची निंदा केली नाही. त्यांनी एवढेच सांगितले की, आर्यांच्या विनयात दिशांना नमस्कार असा करीत नाहीत. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण दिशा म्हणजे गुरुजन, पश्चिम दिशा म्हणजे पत्नी व मुलेबाळे, उत्तर दिशा म्हणजे मित्र व सहकारी, खालची दिशा म्हणजे नोकर व श्रमकरी, वरची दिशा म्हणजे श्रमण. यांच्याशी आपले कर्तव्य करणे हाच खरा नमस्कार. पुत्राची पाच कर्तव्ये आणि आईबापांची पाच कर्तव्ये त्यांनी तेथे मोजून सांगितली. आईबापांनी मुलाला पापापासून आवरावे, सन्मार्गाला लावावे, विद्या व कला शिकवावी, योग्य विवाह करून द्यावा आणि योग्य वेळी वारसा हाती द्यावा. ही पाच मापे हाती घेऊन रामजी सुभेदारांच्या जीवनाकडे आपण पाहू.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. रामजी लष्करात गेले, शिकले, आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. ज्या जातीला गावच्या शाळेची पायरी चढू देत नव्हते, त्या जातीतला मनुष्य लष्करात शिक्षक होऊ शकला, कारण तेथे शिपायांच्या मुलांमुलींना शिकविणे सक्तीचे होते. दार उघडे मिळाले की आमची माणसे काय करू शकतात, याचा हा पुरावा आहे. पण ते दारही पुढे बंद झाले. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची लष्करातील भरती थांबविली. त्या वेळी हा हुकूम रद्द व्हावा म्हणून अर्ज तयार करण्याच्या कामी रामजी न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते, असे चरित्रकार नमूद करतात. स्वतःची नोकरी पूर्ण झालेली असताना पुढच्या पिढीच्या हक्कासाठी ते खेटे घालीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यांना चौदा अपत्ये झाली. चौदावे अपत्य म्हणजे १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव. या चौदांपैकी थोडीच जगली. निवृत्तीनंतर दापोलीस राहावे असा रामजींचा बेत होता. तो बदलला आणि कुटुंब साताऱ्यास आले. तेथे भीमाबाईंचा अंत झाला. लहान मुले पदरात टाकून पत्नी गेली, पेन्शन तुटपुंजे, म्हणून या माणसाने पुन्हा कंबर बांधली. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलावाचे खोदकाम सुरू केले होते, तेथे त्यांनी रोखपालाची नोकरी धरली. मुले साताऱ्यास आत्याच्या स्वाधीन. ही मीराबाई आत्या अंगाने अधू होती, पण मायेने मोठी होती.

१९०१ च्या सुमाराची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी गोरेगावास यावे, असे वडिलांनी कळविले. नऊ वर्षांचे भीमराव, त्यांचे मोठे बंधू आणि मृत बहिणीची दोन मुले निघाली. नवे सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे, असा थाट. मुलांनी येत असल्याचे पत्रही पाठविले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूर स्टेशनवर ती उतरली, तर न्यायला कोणी नाही. नोकराने ते पत्र रामजींच्या हाती दिलेच नव्हते. जात कळताच एकही गाडीवान मुलांना बसवून नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल करून, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, अशा अटीवर गाडी मिळाली. बरोबर फराळाचे भरलेले टोपले होते, पण वाटेत कोणी पाणी देईना, म्हणून ती लेकरे रात्रभर उपाशी राहिली.

बंधूंनो, या प्रसंगाचा नीट विचार करा. अन्न होते, वस्त्र होते, खिशात पैसा होता, माया करणारा बाप होता. एक बाप जे जे करू शकतो ते सर्व रामजींनी केले होते. तरी त्यांचे मूल तहानेने व्याकुळ झाले. कारण पाण्याचा घोट बापाच्या हातात नव्हता, तो समाजाच्या हातात होता. घरातले प्रेम मुलाला बळ देते, पण घराबाहेर त्याचे रक्षण हक्कच करतात. म्हणून धम्म आणि हक्क या दोन गोष्टी आपण एकमेकांपासून तोडू शकत नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जो हात पाण्यात गेला, तो मसूरच्या वाटेवर तहानलेल्या मुलाचाच हात होता.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले. परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्याच खोलीत चूल, भांडी, सरपण, जाते आणि शेळीसुद्धा. निजायला सर्वांना जागा पुरेना. तेव्हा भीमरावांनी संध्याकाळी लवकर निजावे, वडिलांनी जागे राहावे, रात्री दोन वाजता वडिलांनी मुलाला उठवावे आणि मुलाच्या जागेवर आपण आडवे व्हावे, असा क्रम त्यांनी ठरविला. उशाशी जाते, पायाशी शेळी, आणि मिणमिणत्या दिव्यापाशी पुस्तक. बाबासाहेबांच्या अभ्यासाची आपण नेहमी वाखाणणी करतो. पण त्या अभ्यासासाठी दुसरा एक मनुष्य रोज मध्यरात्रीपर्यंत जागत होता, हे आपण किती वेळा बोलतो?

पुस्तकासाठी पैसे नसले की हा वृद्ध पिता विवाहित मुलींच्या घरी जात असे. मुलगी आपला दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरात येई, आणि पेन्शन हाती आले की दागिना सोडवून मुलीच्या हवाली होई. कोणी म्हणेल, ही हौस परवडण्यासारखी नव्हती. ती हौस नव्हती. सोन्यापेक्षा पुस्तक मोलाचे आहे, हा निर्णय त्या घराने केला होता, आणि तो रामजींनी मुलींच्या गळी उतरविला होता.

आता आपली मापे लावून पाहा. रामजी कबीरपंथी होते. मद्यमांसाला त्यांच्या घरात थारा नव्हता. म्हणजे त्यांनी मुलांना पापापासून आवरले. शिस्त लावली, पहाटे उठविले, म्हणजे सन्मार्गाला लावले. विद्या तर आपली झोप विकून दिली. विवाह करून दिला, तो त्या काळच्या रीतीप्रमाणे. भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर लग्न लागले. रमाबाई त्या वेळी लहान बालिका होत्या. ती रीत त्या काळाची होती आणि ती चुकीची होती, हे म्हणावयास आपण कचरू नये. पाचवे माप वारशाचे. जमीन नाही, घर नाही, ठेव नाही. मग रामजींनी कोणता वारसा दिला? याचे उत्तर मी थोडे पुढे देणार आहे.

कारण रामजी सुभेदार सर्वस्वी निर्दोष पुरुष होते, असे चित्र मी तुमच्यापुढे उभे करणार नाही. माणसांचे देव करण्याची खोड आपण सोडली आहे. त्यांनी दुसरे लग्न केले, ते लहान भीमरावांच्या मनाला लागले. मुलांवर त्यांचा धाक कडक होता. आणि धर्माच्या बाबतीत त्यांच्या वागण्यात विसंगती होती. ही विसंगती दुसऱ्या कोणी दाखविलेली नाही. बाबासाहेबांनीच आपल्या शेवटच्या महान ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत ती नोंदविली आहे. वडील कबीरपंथी म्हणून मूर्तिपूजा न मानणारे, पण गणपती बसवीत. कशासाठी? मुलांसाठी! आणि मुलाला ते आवडत नव्हते.

भगिनींनो, हे शब्द ओळखीचे वाटतात ना? आजही दीक्षा घेतलेल्या घरातून मी हेच ऐकतो. "आम्ही मानीत नाही, पण मुलांची हौस असते. शेजारची मुले आरास करतात, आपली हिरमुसतात." मला तुम्हांस विचारावयाचे आहे, ही हौस खरोखर मुलांची असते की आपल्या मनातील भीतीची? मुले फार बारकाईने पाहतात. आईबाप तोंडाने एक बोलतात आणि हाताने दुसरे करतात, हे त्यांना प्रथम कळते. त्या परळच्या खोलीत एका मुलाला ते कळले आणि त्याने ते साठी उलटल्यानंतरही लिहून ठेवले. आपली मुले उद्या आपल्याविषयी काय लिहितील?

त्याच प्रस्तावनेत दुसरी आठवण आहे. रोज निजण्यापूर्वी रामायण-महाभारताचा काही भाग बहिणींना आणि जमलेल्या मंडळींना मोठ्याने वाचून दाखवावा, असा भीमराव व त्यांचे बंधू यांना वडिलांचा हुकूम होता. एके दिवशी भीमरावांनी विचारले की, ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची मानहानी सांगणारी ही पुस्तके आम्ही का वाचावी? वडील रागावले. मुलांनी असले प्रश्न विचारू नयेत, सांगितलेले करावे, असे त्यांनी सुनावले. येथपर्यंत रामजी इतर बापांसारखेच वागले. पण काही काळाने मुलाने तोच प्रश्न पुन्हा केला, तेव्हा वडिलांजवळ उत्तर तयार होते. याचा अर्थ, मधल्या काळात ते त्या प्रश्नावर विचार करीत राहिले होते. ते म्हणाले की, आपण अस्पृश्य, म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड निर्माण होण्याचा संभव आहे; तो जावा म्हणून हे वाचावयाचे. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढे चढले! वाल्मीकी तर कोळी, आणि रामायणाचा कर्ता झाला.

मुलाला या म्हणण्यात काही जोर वाटला, पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांपैकी कोणीच आपल्याला आवडत नाही, हे त्याने वडिलांना स्पष्ट सांगितले. तेव्हा रामजी गप्प राहिले. मुलगा बंड करीत आहे, हे त्यांनी ओळखले होते.

उपासकांनो, रामजींच्या त्या मौनाला मी फार किंमत देतो. ते सुभेदार होते, घरात त्यांचा शब्द म्हणजे कायदा होता. हात उगारणे त्यांना अवघड नव्हते. "बाहेर हो" म्हणणेही अवघड नव्हते. पण आपल्या मुलाचा प्रश्न आपल्या उत्तरापेक्षा मोठा आहे, हे त्यांनी जाणले आणि प्रश्नाचा गळा दाबला नाही. मुलाला ज्या विद्येने प्रश्न विचारण्याचे बळ दिले, ती विद्या त्यांनीच दिली होती. हाच तो वारसा. उत्तर चुकले असेल, पण प्रश्न विचारणारा मुलगा त्यांनी घडविला.

आणि उत्तरही त्याच घराच्या दारातून आले. मुलाच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजाने सभा घेण्याचे ठरविले. रामजींनी साफ नकार दिला. पोराचे डोके फिरेल, केवळ परीक्षा तर पास झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. मंडळी त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेली. केळुसकरांनी रदबदली केली, वडील मागे हटले, सभा झाली, आणि अध्यक्षपदावरून केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. ज्या प्रश्नापुढे बाप गप्प राहिला, त्याचे उत्तर बापाच्या मित्राने दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे घडले, त्याचे एक बीज त्या पुस्तकात होते.

आता शेवटचा प्रसंग. मुलगा बी.ए. झाला. १९१३ च्या जानेवारीत बडोद्यास नोकरीवर गेला. थोडेच दिवस गेले आणि वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुलगा तातडीने निघाला. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून उतरला, तेवढ्यात गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने पोहोचेपर्यंत वेळ गेला. वडिलांचे प्राण जणू डोळ्यांत गोळा झाले होते. मुलाला पाहिले, त्याच्या पाठीवरून क्षीण हात फिरविला आणि ते गेले. त्याच वर्षी तो मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ते पाहावयास रामजी नव्हते. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करताना बाबासाहेबांनी तो आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची कृतज्ञतेने नोंद केली. पहा, हे बाबासाहेबांनी केलेले पितृस्मरण! भाताचा गोळा नाही, कावळ्याची वाट पाहणे नाही. विद्या हे ज्यांनी दिले, त्यांना विद्येचेच फळ अर्पण केले.

आणखी एक गोष्ट राहिली. रामजींच्या कष्टांत इतरांचाही वाटा होता. दोन मुलांचे हायस्कूल परवडेना, तेव्हा आनंदरावांना शाळा सोडून कामाला लागावे लागले. बहिणींनी दागिने दिले. आत्याने घर सांभाळले. एक मुलगा शिकला, तो एवढ्या जणांच्या खांद्यावर उभा राहून शिकला. त्या बहिणींचे दागिने सुटले, पण त्यांचे ऋण सुटले का? ते आपल्यावर आहे. आपल्या घरात मुलाच्या शिकवणीसाठी पैसा निघतो आणि मुलीचे शिक्षण दहावीनंतर थांबते, असे घडत असेल, तर रामजींच्या लेकींचे दागिने अजून गहाणच आहेत, असे समजा.

म्हणून पित्याचे स्मरण कसे करावे, हे आता साध्या शब्दांत सांगतो. पुत्राच्या पाच कर्तव्यांपैकी पहिले म्हणजे, ज्यांनी पोसले त्यांना आपण पोसावे. बाप जिवंत आहे तोवर त्याला वेळेवर जेवण, औषध आणि गोड शब्द द्या. तो अजून जुन्या देवाला हात जोडत असेल, तर त्याचा अपमान करू नका. सिगालाच्या बापाचा अपमान भगवंतांनी केला नाही. परंतु त्याच्या भिडेखातर आपली प्रतिज्ञाही मोडू नका. शेवटचे कर्तव्य म्हणजे, गेलेल्यांच्या नावे दान द्यावे. स्मृतिदिनी घरात त्रिसरण-पंचशील घ्या, मुलांना जवळ बसवून आजोबांचे कष्ट सांगा, त्यांचे गुण सांगा, त्यांच्या चुकाही सांगा, आणि ऐपतीप्रमाणे एखाद्या गरजू मुलामुलीला पुस्तक द्या.

बापांनाही एक सांगणे आहे. अर्ज करणे, कागद सांभाळणे हे काम कमीपणाचे मानू नका. रामजींनी अर्जासाठी पायपीट केली. शाळेच्या दाखल्यावर धर्म बौद्ध लिहिल्यास सवलती जातील, ही धास्ती पूर्वी खरी होती. १९९० साली केंद्रात कायद्याने ती दूर झाली. अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांना ते हक्क मिळाले. तेव्हा भीतीने खोटे लिहू नका, आणि आळसाने हक्क बुडवू नका. जातीच्या दाखल्यासाठी लागणारे वाडवडिलांचे कागद जपून ठेवा. मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरणे हेही आजच्या काळी रात्री दोन वाजता जागे राहण्यासारखेच आहे.

रामजी सुभेदार बौद्ध झाले नव्हते. तसे आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडीलही नव्हते. म्हणून ते आपले परके होत नाहीत. त्यांना जो रस्ता दिसला त्या रस्त्याने ते प्रामाणिकपणे चालले, आणि पुढचा रस्ता आपल्या मुलांना दिसावा म्हणून त्यांनी दिवा लावून दिला. त्या दिव्याशी आपण बसलो आहोत. घरी जाल तेव्हा आपले मूल एखादा अवघड प्रश्न विचारील. त्याला उत्तर देता आले तर द्या. देता आले नाही, तर रामजींसारखे थोडे गप्प राहा, पण त्याच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.